पदवी मुंबईची, किंमत लंडनची

#थ्रेड

१९६० च्या दशकात मुंबईहून विलायतेस निघालेल्या तरुण डॉक्टराला परकीय चलनाच्या निर्बंधांमुळे जेमतेम ३ पौंड बरोबर नेता येत. लंडनमध्ये त्यात आठवडाही निघत नसे. तरीही तो निर्धास्तपणे निघे, कारण त्याच्या सामानात एम.बी.बी.एस.चे प्रमाणपत्र असे आणि ते ब्रिटनच्या वैद्यकीय नोंदवहीत चालत असे. वेगळी परीक्षा न देता तो तेथे रुग्णाच्या छातीला स्टेथोस्कोप लावू शकत असे.

या कागदाचे मोल मात्र मुंबईत ठरत नव्हते. साधारण ऐंशी-पंच्याऐंशी वर्षांत लंडनने या पदवीला दोनदा मान्यता दिली आणि दोनदा ती काढून घेतली. परदेशात डॉक्टरकीची नोकरी शोधणाऱ्या भारतीयांचा इतिहास हा बव्हंशी या चढउतारांचा इतिहास आहे.

सुरुवात १८५८ पासून करावी लागेल. त्या वर्षीच्या वैद्यकीय कायद्याने ब्रिटनमध्ये जनरल मेडिकल कौन्सिल स्थापन झाली आणि अधिकृत डॉक्टरांची एक नोंदवही सुरू झाली. नोंदवहीत नाव असेल तो डॉक्टर. नसेल त्याला सरकारी नोकरी नाही, मृत्यूच्या दाखल्यावर सही नाही. मुंबईचे ग्रँट मेडिकल कॉलेज त्याआधीच, १८४५ मध्ये, निघालेले होते आणि भाऊ दाजी लाड यांच्यासारखे विद्यार्थी तेथून बाहेर पडले होते. परंतु त्यांच्या विद्येला इंग्लंडात स्थान नव्हते. १८८६ च्या कायद्याने वसाहतींतील पदव्यांना परस्परसंमतीने मान्यता देण्याची वाट उघडली आणि १८९० च्या दशकात भारतीय विद्यापीठांच्या वैद्यकीय पदव्या कौन्सिलने स्वीकारल्या.

नोंदणी मिळाली म्हणून नोकरी मिळत नसे. मोठ्या रुग्णालयांतील जागा ओळखीपाळखीने भरल्या जात. उरे तो खासगी व्यवसाय. त्या काळी इंग्लंडात दवाखाना चक्क विकत घ्यावा लागे. निवृत्त होणारा डॉक्टर आपल्या रुग्णांच्या यादीसह प्रॅक्टिस विकत असे आणि वस्ती जितकी गरीब तितकी किंमत कमी. १९११ च्या राष्ट्रीय विमा कायद्यामुळे कामगारांच्या उपचाराचे ठरावीक पैसे डॉक्टरला मिळू लागले होते, त्यामुळे गरीब वस्तीतही पोट भरे. भारतीय डॉक्टर लंडनच्या पूर्व भागात, गोदीकामगारांच्या वस्त्यांत आणि कारखान्यांच्या गावांत जाऊन बसले ते या हिशेबाने. सेवाभाव नव्हता असे नव्हे. पण पहिले कारण परवडण्याचे होते.

पंजाबातून आलेले डॉ. चुनीलाल कटियाल हे त्यांतले सर्वांत ठळक नाव. कॅनिंग टाउनमधील त्यांच्याच घरी सप्टेंबर १९३१ मध्ये महात्मा गांधी आणि चार्ली चॅप्लिन यांची भेट झाली, एवढाच त्यांचा उल्लेख सहसा होतो. वास्तविक त्यांचे मोठे काम पुढचे आहे. फिन्सबरी या दाटीवाटीच्या भागात सार्वजनिक आरोग्य समितीचे अध्यक्ष असताना त्यांनी वास्तुशास्त्रज्ञ लुबेटकिन यांच्या टेक्टन गटाकडून आरोग्यकेंद्र उभारून घेतले. १९३८ मध्ये ते सुरू झाले. एकाच छताखाली अनेक तऱ्हेचे उपचार, तेही राष्ट्रीय आरोग्य सेवा जन्मण्याच्या १० वर्षे आधी. त्याच वर्षी कटियाल फिन्सबरीचे महापौर झाले.

दरम्यान पदवीची किंमत एकदा कोसळून गेली होती. १९२० च्या दशकात जनरल मेडिकल कौन्सिलने भारतीय महाविद्यालयांतील प्रसूतिशास्त्राच्या शिक्षणावर आक्षेप घेतला. विद्यार्थ्याने ठरावीक संख्येची बाळंतपणे स्वतः केली पाहिजेत, असा कौन्सिलचा नियम होता. भारतात बहुतेक बाळंतपणे घरी, सुईणीच्या हाती होत. रुग्णालयात येणाऱ्या बाळंतिणींची संख्या कमी, त्यामुळे विद्यार्थ्यांचा सराव अपुरा. आक्षेपात तथ्य होते. प्रश्न असा होता की भारतीय महाविद्यालयांची तपासणी करणार कोण आणि कोणाच्या अधिकाराने? स्वराज्याची भाषा बोलणाऱ्या देशात लंडनहून ठरवलेला निरीक्षक कोणाला मानवणार? वाद चिघळला आणि १९३० मध्ये कौन्सिलने मान्यता काढून घेतली.

मुंबईला हा घाव अधिक लागला असावा. १९२६ मध्ये परळला केईएम रुग्णालय आणि सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालय उभे राहिले तेच मुळी एका अटीवर: तेथील अध्यापक सरकारी नोकरीत नसलेले भारतीयच असतील. गोऱ्या वैद्यकीय अधिकाऱ्यांच्या मक्तेदारीला दिलेले ते उत्तर होते. त्या उत्तराला चार वर्षे होतात न होतात तोच लंडनने कळवले की तुमची पदवी येथे चालणार नाही.

१९३३ मध्ये भारतीय वैद्यकीय परिषदेचा कायदा झाला, भारताची स्वतःची परिषद आली आणि १९३६ मध्ये लंडनने विद्यापीठांच्या पदव्यांना पुन्हा मान्यता दिली. या विजयाची एक बाजू फारशी सांगितली जात नाही. नव्या परिषदेच्या कक्षेत केवळ विद्यापीठांचे पदवीधर आले. वैद्यकीय शाळांतून शिकून तालुक्याच्या गावी रोग्यांचा सारा भार वाहणारे लायसेन्शिएट डॉक्टर बाहेरच राहिले. ज्यांना दारात उभे केले होते त्यांनी आत शिरताच मागचे दार लावून घेतले.

५ जुलै १९४८ रोजी ब्रिटनमध्ये राष्ट्रीय आरोग्य सेवा, म्हणजेच एनएचएस, सुरू झाली. आरोग्यमंत्री अन्युरिन बेव्हन यांनी प्रॅक्टिस विकण्याची प्रथा बंद केली. उपचार सर्वांना मोफत झाले. डॉक्टर मात्र तेवढेच राहिले.

येथे सरकारी हिशेबाची एक चूक घडली, आणि तिच्यावर पुढची तीस वर्षे हजारो लोकांची आयुष्ये बेतली. हेन्री विलिंक यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९५७ मध्ये अहवाल दिला की देशात डॉक्टर गरजेपेक्षा अधिक होतील. सबब वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या जागा सुमारे दहा टक्क्यांनी कमी कराव्यात. लोकसंख्या वाढेल, लोक अधिक जगतील, रुग्णालये पसरतील, ब्रिटिश डॉक्टर कॅनडा-ऑस्ट्रेलिया-अमेरिकेकडे जातील, यांतले बरेच काही समितीच्या अंदाजातून निसटले. तीन-चार वर्षांतच रुग्णालयांत कनिष्ठ डॉक्टरांचा तुटवडा जाणवू लागला. १९६१ मध्ये लॉर्ड कोहेन यांनी उमरावांच्या सभागृहात सांगून टाकले की भारत-पाकिस्तानातून आलेले तरुण डॉक्टर नसते तर आरोग्य सेवा कोसळली असती.

आता एका लोकप्रिय समजाबद्दल. आरोग्यमंत्री इनॉक पॉवेल यांनी १९६० च्या दशकाच्या आरंभी मोहीम काढून १८ हजार भारतीय डॉक्टर ब्रिटनमध्ये नेले आणि त्याच पॉवेलांनी १९६८ मध्ये स्थलांतरितांविरुद्ध विखारी भाषण केले, असे वारंवार लिहिले जाते. भाषण झाले, पॉवेल १९६० ते १९६३ आरोग्यमंत्री होते आणि त्या काळात भारतीय डॉक्टर मोठ्या संख्येने येत होते, हे सर्व खरे. परंतु अशा मोहिमेला आणि त्या आकड्याला भक्कम कागदोपत्री आधार नाही. तशी गरजही नव्हती. नोंदवही उघडी होती, जागा रिकाम्या होत्या, आणि मुंबई-मद्रासच्या महाविद्यालयांत शिकवणारे बहुतेक नामांकित प्राध्यापक स्वतः विलायतेहून एफआरसीएस किंवा एमआरसीपी होऊन आलेले होते. गिरगाव-दादरच्या दवाखान्यांच्या पाट्यांवर ही अक्षरे झळकत. मोठ्या रुग्णालयात मानद पद हवे, तर ती अक्षरे नावापुढे हवीत. निघणाऱ्या बहुतेकांच्या मनात एकच बेत असे: चार-पाच वर्षे नोकरी, परीक्षा, आणि परत.

१९६२ च्या राष्ट्रकुल स्थलांतर कायद्याने ब्रिटनचे दार किलकिले केले. कामासाठी येणाऱ्याला व्हाउचर लागू लागले. त्याचे तीन वर्ग होते: नोकरी ठरलेली असलेले, अंगी कौशल्य असलेले, आणि बाकीचे. डॉक्टर दुसऱ्या वर्गात मोडत. १९६५ मध्ये सरकारने तिसरा वर्ग बंदच केला आणि वर्षाला एकूण ८,५०० व्हाउचरांची मर्यादा घातली, तेव्हाही डॉक्टरांसाठी वाट राखून ठेवली. विणकर नको होता, डॉक्टर हवा होता.

मग नोकरी मिळे कशी? ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’च्या मागच्या पानांवर जागांच्या जाहिराती येत. वैद्यकशास्त्रातील नवे शोध पुढच्या पानांवर. पण भारतीय डॉक्टर अंक हातात पडताच मागून उघडत. अर्ज टंकलिखित, सोबत शिफारसपत्रांच्या प्रती. शिफारसपत्र परळच्या प्राध्यापकाचे असले तर निवड समितीला त्यांचे नाव ठाऊक असण्याची शक्यता कमी, म्हणून ब्रिटिश डॉक्टरचे पत्र हवे. ते मिळवायचे तर आधी ब्रिटनमध्ये काम केलेले हवे. या पेचातून सुटका एखाद्या आडबाजूच्या रुग्णालयातील बदली कामाने होई. कोणी रजेवर गेला की पंधरा दिवसांची, महिन्याची जागा. पुढे १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात नव्याने आलेल्या डॉक्टरांना काही आठवडे रुग्णालयाशी जोडून त्यांची पारख करण्याची योजनाही निघाली.

कनिष्ठ जागा सहसा सहा महिन्यांच्या किंवा वर्षाच्या असत. एक संपायच्या आत दुसरी शोधायची. निवास रुग्णालयाच्याच आवारात, बहुधा एकट्याचा. संसार असलेल्याला बाहेर खोली शोधावी लागे, आणि गौरेतर भाडेकरू नकोत अशा पाट्या १९६० च्या दशकात उघडपणे लागत. भारतात पाहुण्यांना आनंदाने सांगितले जाई की मुलगा लंडनला डॉक्टर आहे. मुलगा पुष्कळदा लंडनपासून दीडदोनशे मैलांवरच्या गिरणगावात रात्रपाळी करत असे.

हुशारी, सराव आणि परीक्षा या सगळ्यांच्या पलीकडे एक अदृश्य प्रतवारी होती. नामांकित शिक्षण-रुग्णालयांतील शल्यचिकित्सा किंवा हृदयरोग अशा विभागांत वरची पदे क्वचितच भारतीयांच्या वाट्याला येत. रजिस्ट्रारपदापर्यंत वाट सरळ असे. पुढे कन्सल्टंट होण्याची वेळ आली की ती अरुंद होई. मोकळ्या असत त्या स्थानिक तरुणांनी नाकारलेल्या शाखा: मनोरुग्णांची मोठी इस्पितळे आणि वृद्धांवरील उपचार.

वृद्धवैद्यकाची कथा थोडी थांबून सांगण्याजोगी आहे. एनएचएसला वारशात जुन्या अनाथ-दरिद्री गृहांचे दवाखाने मिळाले होते. लांबच लांब वॉर्ड, वर्षानुवर्षे अंथरुणाला खिळलेली म्हातारी माणसे, निदान न झालेली दुखणी. वेस्ट मिडलसेक्स रुग्णालयात डॉ. मार्जरी वॉरन यांनी १९३५ पासून दाखवून दिले होते की यांतले अनेकजण नीट तपासले, उठवले, चालवले तर घरी जाऊ शकतात. पण या शाखेत खासगी रुग्ण नव्हते, म्हणजे वरकमाई नव्हती, आणि समव्यवसायींत मान नव्हता. हृदयरोगाचे किंवा शल्यक्रियेचे स्वप्न घेऊन आलेले कितीतरी भारतीय डॉक्टर नाइलाजाने इकडे वळले. नाइलाजाने आले आणि त्यांनी ही शाखा उभी केली. पक्षाघात झालेल्यांना पुन्हा पायावर उभे करण्याची पद्धत, दिवसभराचे उपचार-केंद्र, घरी जाऊन तपासणी हे सारे रुजवण्यात त्यांचा मोठा हात आहे. त्याबद्दल कृतज्ञता अलीकडे व्यक्त होते. त्यांना मुळात जे व्हायचे होते ते कोणी होऊ दिले नाही, हा उल्लेख सहसा गाळला जातो.

सामान्य व्यवसायाचेही तसेच. मेडिकल प्रॅक्टिसेस कमिटी देशाची विभागणी करी: कुठे डॉक्टर पुरेसे आहेत म्हणून नव्याला मज्जाव, कुठे कमी आहेत म्हणून मुभा. समुद्रकिनाऱ्याची सुखवस्तू गावे बंद, कोळशाच्या खाणींची खोरी उघडी. त्यामुळे दक्षिण वेल्समधील खाणकामगारांच्या वस्त्यांत एकट्याने दवाखाना चालवणारा भारतीय डॉक्टर हे नेहमीचे दृश्य झाले. त्याच भागात ग्लिनकोरुग येथे काम करणारे डॉ. ज्युलियन ट्यूडर हार्ट यांनी १९७१ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये मांडले की चांगल्या वैद्यकीय सेवेची उपलब्धता गरजेच्या उलट्या प्रमाणात असते. जेथे आजार जास्त तेथे डॉक्टर कमी. तो उलटा हिशेब थोडाफार सुलटा करणारे हात बरेचसे भारतीय उपखंडातले होते.

परिचारिकांची गोष्ट याहून कडू आहे. कॅरिबियन बेटांतून आलेल्या अनेक मुलींना तीन वर्षांच्या पूर्ण नोंदणीच्या अभ्यासक्रमाऐवजी दोन वर्षांच्या दुय्यम अभ्यासक्रमात घातले गेले. त्या दुय्यम पात्रतेला त्यांच्या मायदेशी मान्यता नव्हती, हे पुष्कळींना उशिरा कळले. डॉक्टरला निदान परतीची वाट होती.

१९७५ मध्ये पारडे पुन्हा फिरले. मेरिसन समितीच्या अहवालाने परदेशी डॉक्टरांच्या दर्जात मोठी तफावत असल्याचे नोंदवले. त्याच वर्षी जनरल मेडिकल कौन्सिलने भारतीय पदव्यांची मान्यता दुसऱ्यांदा काढून घेतली आणि येणाऱ्यांसाठी वैद्यकज्ञान व इंग्रजीची चाचणी सुरू केली. पुढे हीच ‘प्लॅब’ परीक्षा झाली. भारतात भराभर निघालेल्या महाविद्यालयांचा दर्जा सारखा नव्हता, ही गोष्ट नाकारण्यात अर्थ नाही. परंतु १९६८ च्या टॉड आयोगानंतर ब्रिटनने स्वतःच्या वैद्यकीय जागा वाढवायला घेतल्या होत्या आणि देशी पदवीधरांचा ओघ वाढणार हे दिसत होते, हेही तितकेच खरे. तुटवड्याच्या ऐन दिवसांत दर्जाची चिंता इतकी तीव्र नव्हती.

इंग्रजीच्या चाचणीवर तर त्या पिढीत किस्से झाले. बेली आणि लव्ह यांचे शल्यशास्त्राचे जाडजूड पुस्तक इंग्रजीतून पाठ असलेल्या माणसाला यॉर्कशरचा खाणकामगार आपल्या पोटदुखीबद्दल नेमके काय म्हणतो ते कळेना. आणि ते त्याला कोणत्या पुस्तकातून कळणार होते?

त्याच वर्षी ओव्हरसीज डॉक्टर्स असोसिएशन स्थापन झाली. १९७९ पासून परीक्षा उत्तीर्ण होणाऱ्यालाही ‘मर्यादित नोंदणी’ मिळे: देखरेखीखालील ठरावीक जागेपुरती, आणि एकूण पाच वर्षांपुरती. १९८५ मध्ये व्हिसाचे नियम बदलले. प्रशिक्षणासाठी चार वर्षे कामाच्या परवान्याविना, त्यानंतर परवाना. पहिल्या पिढीचा चार-पाच वर्षांचा बेत आता त्यांच्यावर कायद्याने लादला गेला.

तरीही एक प्रश्न उरत होता. भारतीय डॉक्टर मागे पडतो तो त्याच्या पदवीमुळे की आणखी कशामुळे? १९९३ मध्ये दोन डॉक्टरांनी याचा छडा लावला. अनीझ इस्माईल आणि सॅम एव्हरिंग्टन यांनी रुग्णालयांतील कनिष्ठ जागांसाठी जोडीजोडीने बनावट अर्ज धाडले. वय, शिक्षण, अनुभव सारखे. पदव्या दोन्हीकडे ब्रिटनच्याच. फरक एवढाच की एका अर्जावर इंग्रजी नाव, दुसऱ्यावर आशियाई. इंग्रजी नावाला मुलाखतीचे बोलावणे येण्याची शक्यता दुप्पट निघाली. प्रयोग चालू असतानाच पोलिसांच्या फसवणूक-प्रतिबंधक पथकाने दोघांना अटक केली. खटला पुढे उभा राहिला नाही आणि निष्कर्ष ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये छापून आला, ज्या नियतकालिकाची मागची पाने तीस वर्षे भारतीय डॉक्टर बोटाने चाळत आले होते, त्याच्याच पुढच्या पानांवर.

२००० नंतर एनएचएसचा विस्तार झाला, पुन्हा परदेशी डॉक्टरांची गरज बोलली जाऊ लागली आणि प्लॅबसाठी रांगा लागल्या. परीक्षेचा पहिला भाग भारतात देता येई, दुसऱ्यासाठी ब्रिटनला जावे लागे. कर्ज काढून मुले गेली, उत्तीर्ण झाली, आणि नोकऱ्याच नव्हत्या. ब्रिटनच्या नव्या वैद्यकीय महाविद्यालयांचे पदवीधर बाहेर पडू लागले होते. पूर्व लंडनच्या ईस्ट हॅममध्ये एकेका खोलीत दाटीने राहणारे भारतीय डॉक्टर मंदिरातल्या मोफत जेवणावर दिवस काढत असल्याच्या बातम्या त्या सुमारास ब्रिटिश माध्यमांत आल्या. दिवसा अर्ज, दुपारी प्रसाद.

एप्रिल २००६ मध्ये परवान्याविना प्रशिक्षणाची सवलत फारच थोड्या दिवसांच्या सूचनेने रद्द झाली. भारतीय वंशाच्या डॉक्टरांच्या ‘बापिओ’ या संघटनेने सरकारला न्यायालयात खेचले. उच्चकुशल स्थलांतरितांच्या योजनेखाली कायदेशीरपणे आलेल्या डॉक्टरांनाही प्रशिक्षणाच्या जागांसाठी मागे ठेवावे, अशी जी सूचना आरोग्य खात्याने रुग्णालयांना दिली होती, ती ३० एप्रिल २००८ रोजी हाउस ऑफ लॉर्ड्सने बेकायदा ठरवली. निकाल लागला तेव्हा नियम बदलून दोन वर्षे झाली होती, आणि ज्यांच्यासाठी तो लढा होता त्यांतल्या अनेकांनी तोवर परतीचे तिकीट काढले होते.